ओत्त, बिड

तीन सकाळी बॅटरी मेलेली.
चौथ्या दिवशी समोरची मल्लव्वा म्हणाली,
तुमच्या गाडीचं ढुंगण रात्रभर लाल असतंय की हो.

निपाणीत आदगोंडाच्या गॅरेजात
पोरगा जेवायला गेलेला, म्हणून पेडलवर मी.
तो मागं उकिडवा, दिव्याला तोंड लावून.
"ओत्त."
दाबला.
"बिड."
सोडला.
"बिड अंतीनी!"
"सोडलाय की!"

मग चप्पल काढून तो सीटखाली उताणा शिरला,
पाय रस्त्यावर, दातांत टॉर्च,
डोकं पेडलमागच्या अंधारात.
स्विचची बारकी काडी बाहेर आलेली.
बोटानं आत रेटली : मागचं लाल गेलं.
बोट काढलं : आलं.
मी नवा स्विच आणायला खिसा चाचपत होतो.
"त्याला काय झालं नाही," दातांतूनच बोलला,
"टेकायला काय नाही त्याला.
पाय हाय असंच वाटतंय गड्याला."

मॅट झटकली. पिवळट चार तुकडे पडले,
पेडलच्या भोकात वीस वर्षं बसलेलं रबराचं बटण.
तळहातावर घेऊन अंगठ्यानं चोळलं त्यानं,
सवयीनं, तंबाखूसारखं.
फुंकर मारली.

भोकात नटबोल्ट, वर वायसर.
पैसे विचारले तर म्हणाला, चहा सांग की.

रात्री वखारीच्या पांढऱ्या भिंतीला पाठ करून
गाडी लावली, आरशात बघत
स्वतःलाच सांगितलं, ओत्त.
भिंत लाल.
बिड.
नुसती भिंत.

मल्लव्वा दारात उभी होती.
"गेलं," म्हणाली,
आणि कडी घातली.