पेपर चौथा

‘आदिम व अपाश्चात्य कला’ असं नाव पेपरचं.
वेळापत्रकात जागा कमी, म्हणून नुसतं ‘अपा.’
पोरं विचारायची, अपाचा तास आहे का आज?
बी.ए. दुसरं वर्ष, अंबाजोगाई.
खिडकीची एक काच फुटलेली, तिथं पुठ्ठा,
त्यामुळं प्रोजेक्टरला अंधार बरा पडायचा.

गोजमगुंडे मॅडम सांगायच्या,
पाश्चात्य म्हणजे तिकडचं. आणि हे सगळं, जे तिकडचं नाही.
मी वहीत उतरवलं. मग विचार करत बसले,
आमच्या आत्याला कुणी विचारलं, बाई तू कोण,
तर ती म्हणेल का, मी अ-देशमुख?

भिंतीवर एकेक चित्र यायचं.
बेनिनचं पितळी डोकं. न्यूझीलंडच्या होडीचं नाक.
खाली ओळ : कलाकार अज्ञात.
एका मंगळवारी ऑस्ट्रेलियातलं आलं, सगळे ठिपकेच.
ठिपक्यांत पाणवठे म्हणे, ठिपक्यांत वाटा.
मागून कुणीतरी म्हणालं, गोवर आलाय.
वर्ग हसला. माझे कान वाजायला लागले,
टक टक टक टक,
यल्लूआत्या उकिडवी, पदर नाकाला बांधलेला,
पाट्यावर ठिपका, ठिपक्याला लागून ठिपका,
मधोमध एक मासा. का, ते तिलाही ठाऊक नाही.
‘माशाबिगर पाटा मुका ऱ्हातो’, एवढंच.

मंडी बाजारातून रविवार पेठेपर्यंत तिची आरोळी :
टाकीय्ये, पाट्याला टाकीय्ये!
मिक्सर आले.
आरोळी आधी निम्मी झाली, मग नुसता खोकला.

सेमिस्टर संपता संपता हत्तीखान्याला सहल.
सहल कसली, चालतच गेलो.
मॅडम शैली सांगत होत्या, शतक सांगत होत्या.
मी हत्तीच्या पोटावरून हात फिरवला.
इथं टाकी बोथटलीय. इथं शेवटून आणलीय.
हा माणूस डावखुरा, घाव उलट्या अंगानं पडलेत.
इथं त्याला जेवायला हाक आली असणार,
रेघ अर्ध्यातच सुटलीय.
मोठ्यानं बोलले की काय, मॅडम थांबल्या.
‘विटकर, हे कुठं वाचलंस?’

कुठं वाचलं.

मग एक दिवस स्टाफरूमबाहेर, हळू आवाजात,
‘आईचा पाटा पडून आहे घरी. गुळगुळीत झालाय.
तुला राग येणार नसेल तर...’
आला का राग? अजून ठरवलेलं नाही.
आत्याची टाकी घेऊन गेले. तिसरा मजला, गॅलरी.
शेजारच्यांनी दोनदा बेल वाजवली, आवाज किती, आवाज किती.
मॅडम दारातूनच म्हणाल्या, तास चालू आहे.
आणि चष्म्यावर धूळ घेत समोर बसून राहिल्या.

मासा घातला. शेपूट जरा वाकडं झालं.
पैसे मोजून घेतले, आत्याच्या दरानं नाही, आजच्या.
‘खाली तुझं नाव घाल,’ त्या म्हणाल्या,
‘अज्ञात नको.’

टाकी टेकवली. उचलली.
आत्यानं अख्ख्या गावाच्या पाट्यांवर ठिपके घातले,
एकही शिल्लक नाही.
वाटले गेले मिरचीत, खोबऱ्यात, लसणाबरोबर,
चिमूट चिमूट दगड घरोघर पोटात गेला.
नाव घातलं तर दिवाळीपर्यंत तेही.

मॅडम, म्हटलं, कारळं आहेत का घरात?
पहिलं वाटण टाकून द्यायचं, कच लागते दाताखाली.
दुसरं खाऊन बघू.