फलकवाला

शनिवारी सकाळी अकराला आमचा सामना.
दुसऱ्या लीगला रात्र परवडत नाही.
दिव्यांचे चार खांब आहेत,
दिवे कुणीतरी नेले.

मी फलकामागे, लाकडी शिडीवर,
पत्र्याचे आकडे खिळ्याला टांगतो.
एकोणतीस वर्षं.
त्याआधी लेथवर होतो, कुलपांच्या कारखान्यात.
संघाचं नावही त्यावरूनच : लाकातुशुल, कुलूपवाले.
पुढे कारखान्यालाच टाळं लागलं,
तेसुद्धा बाहेरून विकत आणलेलं.

सहाचा पत्रा एका वादळात नदीत गेला.
सहा गोल झाले की मी नऊ उलटा करतो.
तो नऊ सरळ टांगायची वेळ आली नाही,
एवढं नशीब.
आमच्या बाजूचा शून्य वापरून वापरून पांढरा पडलाय.
पाहुण्यांचा शून्य अजून कोरा करकरीत.

ऑगस्टात गवत पिवळं, बाकं तापलेली.
सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेली तीनशे माणसं
आणि बुटांखाली टरफलांची कुरकुर.
गोलकीपर ताशे पहाटे तीनपासून बेकरीत कणीक मळून
थेट मैदानावर यायचा.
चेंडू त्याच्या हातून सुटला की कुणीतरी ओरडायचं,
पाव असता तर धरला असतास!
चेअरमन म्हणायचा, पगार शुक्रवारी.
कुठला शुक्रवार, हे विचारायचं नसतं.

ऑक्टोबरात एकदा जिंकलो.
घानाचा क्वाबेना, चिखलात घसरत घसरत डोक्यानं गोल,
आणि कुंपणावरून उडी मारून
बियावाल्या पारास्किवाला त्यानं मिठीच मारली.
तिची टोपली पालथी. तिनं त्याला सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या
आणि पैसे घेतले नाहीत.
मी एक टांगताना हात थरथरला,
म्हणून तो जरा तिरका लागला.
सरळ केला नाही.

नोव्हेंबरात धुकं असं बसलं
की शिडीवरून मला मैदानच दिसेना.
शिव्या कुठल्या कोपऱ्यातून येतात
त्यावरून आकडा बदलायचो.
एकदाही चुकलो नाही.

मग बर्फ. मग सुट्टी.
क्वाबेना गेला. ताशे स्पेनला, बहिणीकडे,
तिथंही म्हणे बेकरीच.
फेब्रुवारीत कळलं : संघ माघार घेतोय.
नियम असा की उरलेले सगळे सामने
कागदावरच हरायचे, शून्य-तीन.

मी तरी जात राहिलो.
सावेता म्हणाली, वेड लागलंय तुला, जाताना कोंबड्यांना दाणे टाक.
अकराला शून्य, आणि तीन.
पाऊण वाजता दोन्ही उतरवायचे.
शेवटी शेवटी ग्लिगोरचा घोडा चरायचा पेनल्टीच्या खुणेपाशी.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी
फाटकातून एक म्हातारा आत आला,
गळ्यात निळा मफलर, हातात पिशवी.
पाहुण्यांचा. एकटाच.
पाच तास आगगाडीत बसून आलेला.
त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

तिकीट कुठं मिळेल, त्यानं विचारलं.
मी म्हणालो, बसा.

बसला. बिया काढल्या, मलाही दिल्या.
आम्ही घोडा बघत राहिलो.
मध्यंतराला त्यानं अंडी सोलली, मीठ कागदात बांधून आणलं होतं.
घोडा एकदा उजव्या बाजूनं
बराच आत घुसला;
म्हातारा अर्धा उठला आणि खाली बसला.

पाऊण वाजला तेव्हा त्यानं फलकाकडे बोट केलं.
ते तीन कुठले?
कागदावरचे, मी म्हणालो.
मी दीड तास इथं आहे, तो म्हणाला,
मी तर एकही पाहिला नाही.

शिडी चढलो. तीन काढला.
कोरा शून्य पहिल्यांदाच खिळ्याला लावला;
भोक रंगानं बुजलं होतं, नखानं उकरावं लागलं.

त्याची परतीची गाडी चुकली.
रात्री आमच्याकडे झोपला, खूप घोरला.
सावेतानं त्याला लोणच्याची बरणी दिली.
आकडे मी उतरवले नाहीत.
सोमवारी वारा होता;
आमचा पडला,
त्यांचा तेवढा राहिला.