दोन चमक्या

पाणी ओसरल्यावर आठव्या दिवशी
बाबगोंडा मगदूम आमचा जिना चढून आले,
छातीशी धरलेली पोत्याची पिशवी.
पिशवीत अल्बम, अल्बमात गाळ,
गाळात पंचेचाळीस वर्षं.

"ओढू नका," मी म्हटलं, "आधी भिजवूया."
भिजलेलं पुन्हा भिजवायचं!
शहाण्या पोरीला वेड लागताना बघावं
तसे ते बघत राहिले.

ट्रेमध्ये एकेक फोटो सुटला,
दोरीवर चिमट्यांत लटकला. पंखा एकवर.
वाचला तो एकच.
बाहुबलीच्या पायऱ्या, पायरीवर अक्काताई,
त्याही अर्ध्या. डावा गाल शाबूत,
उजवा कृष्णेनं नेला.

अब्बांच्या वेळी कॉम्प्युटरात चोरीचं सॉफ्टवेअर होतं,
साठ रुपयांची सीडी, वर मार्करनं लिहिलेलं 'ओरिजिनल'.
ऐन लग्नसराईत रुसायचं.
मग मामेभाऊ तौफिक पुण्याहून आला, गिम्प टाकून गेला:
तोंडात ब्रश धरलेला कोल्ह्यासारखा कुणीतरी.
"कितीला?"
"फुकट."
"फुकट म्हणजे किती दिवस?"
तो हसला. मला अजून तो प्रश्न बरोबर वाटतो.

हळूहळू कळलं, हे जमातीच्या डेगांसारखं आहे.
ज्याच्या घरी लग्न त्यानं न्यावी,
घासून आणावी,
कान तुटला असेल तर जोडून आणावा.
कुणाची, हे विचारू नये.
मराठी मेनूही असाच कुणी घासून ठेवलेला.
कंट्रोल-झेडला 'पूर्ववत करा'.
कुठल्या गावचं माणूस, कुठल्या रात्री बसून
हा शब्द निवडला असेल?
'मागे घ्या' चाललं असतं की.
त्या ऑगस्टात मी दिवसातून दोनशे वेळा पूर्ववत केलं
आणि खाली दुकानाच्या भिंतीवर
छातीइतक्या उंचीची रेघ तशीच होती.

थरावर थर चढवले. तळाशी मूळ, त्याला कुलूप.
पायरीचा दगड शेजारच्या पायरीतून उचलला,
पदराचा काठ पदरातून.
आभाळ कुठलंही चालतं.
पण गाल?
डावाच घेतला, उलटा केला,
हनुवटीशी जुळवला, कडा मऊ केल्या.
पहाटे अडीचला अक्काताई पूर्ण झाल्या
आणि मी स्वतःवर खूश होऊन झोपले.

सकाळी ते चष्मा पुसून पडद्यापाशी वाकले.
बराच वेळ.
"ही कोण?"
मी गप्प.
"हिला दोन चमक्या हायत."

खरंच. दोन्ही नाकपुड्यांत, एकसारख्या, ऐटीत.
एक पुसायला मला चार सेकंद. पुसली.
"तसं न्हवं," ते म्हणाले.
"उजवा डोळा बारीक करायची ती.
उनानं न्हाय. माझं खोटं ऐकताना."

मी मेनू पाहिला,
उगाच, वरपासून खालपर्यंत.

थरापुढे एक छोटा डोळा असतो.
तो मिटला की थर दिसत नाही,
पुसला मात्र जात नाही.
मी गालाचा डोळा मिटला.
पुन्हा अर्ध्या अक्काताई,
पुन्हा मधोमध पाण्याची तपकिरी कड.
"हां," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.
"चिखल तेवढा काढा. बाकीचं माझ्याकडं हाय."

आठ बाय बारा, मॅट.
मी म्हटलं, सॉफ्टवेअर फुकटचं आहे, कागदाचे द्या.
त्यांनी कागदाचे दिले
आणि पावती मागून घेतली.

फाईल अजून आहे.
तो गाल तिच्यात डोळा मिटून पडलाय.
झूम केलं तर चमकी पुसलेल्या जागी
कातडी थोडी उजळ दिसते.
मी ती नीट करत नाही.