नाकावरची वेटोळी

खाजगीवाले काकांचा सिद्धांत असा:
जर्मन विमानाच्या नाकावरची पांढरी वेटोळी
शत्रूला भोवळ आणण्यासाठी नव्हती.
ती होती कावळ्यांसाठी.
पुरावा: जुन्या बाजारातला टेबलफॅन,
त्यावर चुन्यानं काढलेलं वेटोळं,
आणि त्यानंतर गॅलरीत न फिरकलेला एक कावळा.

अंगावरचे करडे ठिपके म्हणजे गोवर.
एकाला झाला, अख्ख्या हँगरला लागला.
"मग पिवळं नाक?"
"कावीळ. पुढे बोला."

मी बोललो नाही.
माझ्या हातात शून्य नंबरचा ब्रश,
जिभेचं टोक बाहेर.
बोटाएवढ्या मेसरश्मिटला वेटोळं काढताना
हात थरथरला, रेघ थेट शेपटीपर्यंत गेली.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला,
वहीत तारीख घातली:
"नवी जात. एकच नमुना. एरंडवणे."