दोन हातांचा बोळ

आधी टाचण्या काढायच्या.
रामरती म्हणते, जिज्जी, हमें दे दो,
पण मी इंदरगंजला कोर्टाबाहेर एकतीस वर्षं टाइप केलंय,
टाचणी कुठे दडते ते माझ्या अंगठ्याला माहीत आहे.

मग फाडायचं, बोटभर पट्ट्या.
गुळगुळीत कागद बाजूला, लग्नपत्रिका बाजूला.
गणपती असलेली पत्रिका रामरती आधी कपाळाला लावते
आणि हळूच माझ्या ढिगात सरकवते.
स्टँपपेपर जाड, हट्टी. त्याला चार दिवस,
बाकीच्यांना दोन.

टबात उतरतात बिघडलेली शपथपत्रं,
कार्बनच्या तिसऱ्या प्रती,
‘मैं शपथपूर्वक कथन करता हूँ कि’
एवढ्यावर फीत संपलेली पानं,
भाडेकरू, म्हशीची चोरी,
बापाच्या नावात चुकलेली एक वेलांटी.
तिसऱ्या दिवशी शाई सुटते.
वादी कुठला, प्रतिवादी कुठला, काठीला कळत नाही.
ढवळताना वास येतो ओल्या पोत्याचा.

लाकडाचा भुसा मूठभर, ही रामरतीची अक्कल.
गोवऱ्या थापण्यात तिचा जन्म गेला.
पहिल्या दिवशी लगदा हातात घेऊन हसत सुटली,
“इत्ते पढ़े-लिखे कंडे!”

साचा म्हणजे पाइपचा तुकडा,
तापल्या सळीने भोकं पाडलेला,
आत लाकडी चकती, आणि दाबायला
दादाच्या पहिल्या मारुतीचा जॅक,
जो तो भांडणाआधी ठेवून गेला
आणि मागायला आला नाही.

जानेवारीत ग्वाल्हेरचं ऊन म्हणजे पेशी.
मिळते, पण पुढची.
किल्ला दिसत नाही तोवर गोळे झाकून ठेवायचे,
दिसला की पसरायचे, दुपारी उलटायचे.
दहा दिवसांचे वीस होतात.
वरून खडखडीत आणि मध्ये ओला, असाही निघतो एखादा.
तो बंबात गेला तर नुसता धूर, खोकला.
शंका आली की मोडून पाहायचा.

यंदा मी आमचीही फाइल घेतली.
लघाटे विरुद्ध लघाटे.
दौलतगंजातला दोन हातांचा बोळ,
त्यातून सायकल जायची, हँडल तिरकं करून.
तेवीस वर्षं.
माझी बाजू मीच टाइप केली होती,
एक खाडाखोड नाही. तेव्हा अभिमान वाटला होता.
नकाशा ट्रेसिंगच्या कागदावर. तो काही भिजेना.
शेवटी तांदळाच्या डब्याखाली घातला.

दादा आला तो मोतीबिंदूच्या निमित्ताने.
गाडी धुक्यात पाच तास रखडलेली.
कानटोपी काढली नाही, बोळाकडे पाहिलं नाही.
मी म्हटलं, पाणी तापवते.

तांब्याचा बंब, आईच्या वेळचा.
वरून एकेक गोळा सोडत गेले.
एरवी अकरात भागतं,
आज सोळा घातले.
थंडीच तशी होती.

न्हाणीघरातून हाक आली,
“कढत आहे गं, विसण दे!”
किती वर्षांनी हा शब्द ऐकला.
इथे विसण मागतं कोण?
मी बादली दाराशी ठेवली.

दुपारी रामरती राख न्यायला आली, कांद्याच्या वाफ्यासाठी.
चाळली तर दोन टाचण्या निघाल्या.
मी काही बोलले नाही, तीही नाही.

गच्चीवर दादाने जॅक उचलला,
डोळ्यांजवळ नेला, दांडा फिरवून पाहिला.
कशावर पाणी तापलं ते विचारलं नाही.
“ह्याला तेल द्यायला हवं,” म्हणाला.
शिवणयंत्राच्या तेलाची बाटली होती कुठेतरी,
ती सापडेना.
खोबरेल चालेल का? चालेल, तो म्हणाला, थोडे दिवस.
खोबरेल थिजलेलं.
बाटली बंबाला टेकवून ठेवली
आणि दोघं तिथेच उभे राहिलो.