शेरा

तीन रंगांच्या फायली, दार न लागणारं एक कपाट
आणि तळोद्याच्या या दोन खोल्यांत
एकोणीस वर्षांचा हिशेब.
सगळा माझ्या अक्षरात.

मंगळवारी पहिला आला, पुण्याचा, प्रोजेक्टर घेऊन.
भिंतीला पोपडे, म्हणून हिराबाई वळवींनी
पलंगावरची चादर खिळ्यांना टांगली.
चादरीवरच्या मोरांवर अनुदानाचे गोल फिरले :
मंजूर, प्राप्त, खर्च.
शिल्लक नेमकी मोराच्या मानेवर आली.
"उपयोगिता प्रमाणपत्र एका क्लिकवर," तो म्हणाला.
"आणि लाइट गेल्यावर?" मी विचारलं.
तो हसला,
आणि लाइट गेली.

दुसरी नाशिकहून, फोनवरच.
आवाज गोड, दर माणशी, वर्षाचा.
आम्ही बोटांवर माणसं मोजली :
पगारी चार, मानधनावर अकरा,
आणि खेमजी पावरा, जो कुठल्याच यादीत बसत नाही
पण त्याच्याशिवाय धडगावच्या वर
आमचा एक कागदही चढत नाही.
"त्यांना व्हेंडर दाखवा," ती म्हणाली.
व्हेंडर तेव्हा उंबऱ्यावर बसून
पावतीवरच्या अंगठ्याची शाई
केसांना पुसत होता.

तिसरा शिरपूरचा पोरगा, मोटारसायकलवर,
लॅपटॉप गोधडीच्या पिशवीत.
त्यानं तो सरळ यमुनाच्या पुढ्यात सरकवला.
तिनं गावांची यादी खालपर्यंत ओढली, परत वर आणली.
"मन्हं गाव यामा नई शे, भाऊ."
त्यानं तिथल्या तिथे घातलं : उंबरीपाडा.
"उमरीपाडा," ती म्हणाली.
त्यानं दुरुस्त केलं.
खाली बारीक अक्षरांत उमटलं :
आधी काय होतं, कुणी बदललं, किती वाजता.
"हे पुसायचं कसं?" मी.
"पुसता येत नाही, अण्णा. ऑडिटरला हेच तर हवं असतं."

मी चष्मा काढून उगाच पुसला.

एका मार्चचं पान आहे, लाल फायलीत.
प्रशिक्षण. चहा-नाश्ता. सेहेचाळीस व्यक्ती.
दोन हजार तीनशे चाळीस.
त्या दिवशी प्रशिक्षण नव्हतं.
रात्री दीडला यमुनाची भावजय
जीपमध्ये आडवी, नंदुरबारच्या रस्त्यावर,
आणि त्या अनुदानात वाहनाला रकानाच नव्हता.
बाई वाचली. मूल नाही.
कागदावर मात्र सेहेचाळीस कप चहा झाला
आणि ऑडिटरनं त्यावर
हिरव्या शाईची टिक केली.

"शेरा किती अक्षरांचा चालतो?" मी विचारलं.
पहिल्याकडे पन्नास.
दुसरीकडे शेराच नव्हता, कोड निवडायचा.
"कितीही लिहा," पोरगा म्हणाला. "करून बघा."

मी लिहीत गेलो.
एका बोटानं, काना सापडेना, वेलांटी सापडेना.
जीपवाल्याचं नाव लिहिलं. घाटात झालेलं पंक्चर लिहिलं.
चहा कुणीच प्यायला नव्हता, हेही.
पोरगा बाहेर जाऊन दोनदा फोनवर बोलून आला.
हिराबाई माझ्या खांद्यामागून वाचत होत्या.
त्यांना ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं,
कारण त्या मधेच म्हणाल्या,
"पंक्चर घाटात नाही, उतरल्यावर."
मी दुरुस्त केलं. खाली उमटलं.

"डेमो आहे," पोरगा म्हणाला,
"रात्री बारानंतर आपोआप कोरं होतं सगळं."

मग त्यानं दर सांगितला.
प्रशासकीय खर्चाच्या पाच टक्क्यांत
तो बसत नाही, आडवा घातला तरी.
"हेच घेऊ," हिराबाई म्हणाल्या,
आणि थोड्या वेळानं, चादर उतरवता उतरवता,
"देवरे अण्णा, कुठल्या खात्यातून?"

हात सवयीनं लाल फायलीकडे गेला.
प्रशिक्षणात अजून अठरा हजार पडून आहेत.
नाश्त्याचे रकाने मोकळे.
मी पेनाचं टोपण काढलं,
शेऱ्यावर टोक टेकवलं,
आणि तिथे एक ठिपका
शाईचा
पसरत राहिला.