सातवा डाव

टेबलाचा एक पाय आखूड,
त्याखाली केळीच्या क्रेटची फळी.
पेन्सिल कानामागे, खोडरबर मुठीत.
साडेपाच वाजून गेले तरी भुसावळचं ऊन
तव्यावरून उतरायचं नाव घेत नव्हतं.

टॉस आपण जिंकलो आणि आधी बॅट घेतली.
(ह्यावरून पुढे महिनाभर भांडले लोक,
कटिंगच्या दुकानात, लोको शेडच्या फाटकाशी.)

तीन-तीन.
दोन बाद.
तिसऱ्या बेसवर जळगावच्या कारखान्याची भारंबे,
गुडघ्याला फडकं बांधलेली,
पाय बेसला चिकटलेला, अंग मात्र घराकडे कललेलं,
उताराला उभ्या हातगाडीसारखं.

रेहाना तडवी, यावलची.
तिचा हात खांद्यापासून गोल फिरतो, रहाटागत,
सकाळी त्याला दिशा होती,
आता नुसता वेग उरलाय.
जाळीआडून वारके दोन बोटं दाखवते.
पाच वर्षं ह्या दोघी एका डब्यात जेवतात:
कळण्याची भाकरी, ठेचा,
कांदा कुणी आणायचा त्यावरून रोजचा वाद.

चेंडू सुटला.
प्लेटच्या अलीकडे मातीला शिवला,
की नाही शिवला?
चिमूटभर धूळ उठली,
पण धूळ काय, वाऱ्यानेही उठते.
वारकेच्या मोज्याच्या कडेला लागला
आणि तारेच्या कुंपणाकडे गेला घरंगळत,
काहीच घाई नसल्यासारखा.

"पय व पय!" मागून कुणी म्हातारी ओरडली,
कोणत्या बाजूची, देव जाणे.
भारंबे पळाली.
वारके वळली, घसरली, गुडघ्यावरूनच फेकला तिने,
रेहाना प्लेटवर धावत आली,
मग तिघींची मिळून एक धूळ.

नेहते सरांनी दोन्ही तळवे जमिनीकडे पसरले,
पाळण्यातलं पोर निजवावं तसे.
चार-तीन.

ढोल वाजला, तोही त्यांचा.
मैदान रिकामं झालं, सोड्याच्या बाटल्या गोळा झाल्या,
पंचाचं काम संपलं.
माझं राहिलं होतं.
धाव झाली खरी, पण चूक कुणाची?
वाइल्ड पिच लिहिलं तर तडवीची.
पास्ड बॉल लिहिलं तर वारकेची.
नियम विचारतो,
साधारण प्रयत्नात अडवता आला असता का?
साधारण!
शेहेचाळीस अंशात, सात डाव,
बसून उठून, बसून उठून.

आणि पुढच्या महिन्यात रेल्वेची यादी,
कायमची जागा एक.

वारके आली, हेल्मेट काखेत.
"काका, माझ्यावर टाका. मोजा खाली न्यायला उशीर झाला."
मी मान हलवली.

दिवे लागल्यावर रेहाना आली,
बूट हातात, मोज्यांना लाल माती.
"टप्पा आधीच पडला होता, काका.
तिला नका लिहू."
तिलाही मी मान हलवली.

वही आता ऑफिसच्या कपाटात आहे,
हवी त्याने पाहावी.
सातव्या डावाच्या शेवटच्या चौकोनात
खोडून खोडून कागद फाटलाय,
भोकातून खालचं पान दिसतं,
पुढच्या सामन्याचं,
अजून कोरं.